सोबत आकृती जोडली आहे

ऊर्ध्वपातनाच्या नळीच्या टोकाशी पाण्याचा थेंब साधारण चार सेकंद लोंबकळतो, मग पडतो. हे मी घड्याळ लावून पाहिलं आहे. असाच एक थेंब लोंबत असताना आबकारीचा जवान आमच्या लातूरच्या परसात शिरला, आणि तिथून माझ्या नोकरीला ग्रहण लागलं.

शेजारच्या नासिर हकिमांना डोळ्यांच्या औषधासाठी शुद्ध पाणी हवं होतं. मी हैदराबादेत बी.एस्सी. झालेली. चुलीवर पितळी भांडं, त्याला तांब्याची वेटोळी नळी, नळीभोवती थंड पाणी, झालं! जवानाला ती दारूची भट्टी वाटली. मुकदमा उभा राहिला. तहसीलदारांनी भर कचेरीत जप्त मालाचा एक घोट घेतला, पंगत उठल्यावर पोचलेल्या पाहुण्यासारखा चेहरा केला आणि मला सोडून दिलं.

दोन वर्षांनी नांदेडच्या मुलींच्या शाळेत शास्त्राच्या शिक्षिकेची जागा निघाली. ती मलाच मिळणार होती, कारण दुसरा अर्जच नव्हता. नाही मिळाली, तर दिवाळीनंतर भोकरला भावाकडे, वहिनीच्या हाताखाली राहायचं ठरलं होतं. वहिनी आधीपासूनच मला 'सायन्सबाई' म्हणून हाक मारायची, तीही भांडी घासायला.

अर्जात एक रकाना होता: आजवर आपल्यावर मुकदमा झाला आहे काय? हकीमसाहेबांनी 'नाही' लिहायला सांगितलं. सुटलेल्या माणसाचा मुकदमा कसला, असं त्यांचं म्हणणं. पण खरी गोष्ट नीट मांडली की कुणाचाही गैरसमज होत नाही, याची मला खात्री होती. मी 'होय' लिहिलं. खाली साडेतीन पानं खुलासा लिहिला. तोही अपुरा वाटला म्हणून आकृती जोडली. मापं घातली, भागांना नावं दिली, बाण काढले. इतकी सुबक आकृती मी परीक्षेतही काढली नव्हती.

महिन्याने मी नांदेडच्या तालिमात कचेरीत, म्हणजे शाळाखात्यात, चौकशीला गेले. तिथले कारकून, अहलकार जलीलमियाँ, माझ्याकडे, वैद्याने हात टेकलेल्या रोग्याकडे पाहावं तसं पाहू लागले.

"बाई, होय लिवलात ते लिवलात. नकाशा काहून जोडलात?"

"समजायला सोपं जावं म्हणून."

"लई सोपं गेलं," ते म्हणाले.

मोहतमीमसाहेबांनी, म्हणजे खात्याच्या बड्या साहेबांनी, आकृती आबकारीकडे अभिप्रायासाठी धाडली होती. आबकारीने कळवलं, की भट्टीची इतकी स्पष्ट आकृती खात्याच्या दप्तरात आजवर नव्हती. त्यांनी तिच्या नकला काढल्या आणि गावोगावच्या चावड्यांवर डकवल्या. खाली हुकूम होता: अशी भट्टी दिसल्यास ताबडतोब कळवावे.

चार महिन्यांत तशा अकरा भट्ट्या दिसल्या. आधी एकही नव्हती.

माझ्या अर्जाचं विचाराल, तर 'विचार चालू आहे' एवढंच उत्तर. दिवाळी आली, गेली. भावाने मुदत संक्रांतीपर्यंत वाढवली. वहिनीने माझ्यासाठी कोपऱ्यातली खोली रिकामी केल्याचं कळवलं; त्या खोलीत तोवर कडबा होता. मी नांदेडला आणखी तीन खेपा घातल्या. प्रत्येक खेपेला माझ्या कागदांची मिसल जाड झालेली असे आणि मी बारीक.

शेवटी बोलावणं आलं. मोहतमीमसाहेबांच्या मेजासमोर लातूरकडच्या मुरुडचा दगडोबा नावाचा एक इसम बसवलेला होता आणि त्याच्याशेजारी त्याची जप्त भट्टी. आमची जुनी ओळख आहे का, हे साहेबांना पाहायचं होतं. मी या माणसाला जन्मात पाहिलं नव्हतं, आणि तसं मी सांगितलंही. पण माझं नाव कानावर पडताच दगडोबा उठून पायाच पडला.

"ती चावडीवरची भट्टी तुमचीच व्हय, बाई? लई ब्येस! माझा बाप हयातभर मडक्याला फडकं गुंडाळून मेला. त्याला नळीचं कुणी सांगितलंच न्हाई."

मग आपल्या भट्टीकडे बोट करून तो काकुळतीने म्हणाला, "पण वाफ लई वाया जायलीय."

मी भट्टीकडे पाहिलं. पाहायला नको होतं. चूक समोर दिसत असताना गप्प बसायचं, हे मला कुठल्याच कॉलेजात शिकवलं नव्हतं.

"थंड पाणी वरून सोडलंय तुम्ही. ते खालून सोडायचं. आकृतीत बाण आहे."

दगडोबाने कपाळावर हात मारला. जलीलमियाँनी ते वाक्य लिहून घेतलं. मला एकदम त्या कडब्याच्या खोलीचा वास आला.

मोहतमीमसाहेबांनी मिसल मिटली, चष्मा काढून तिच्यावर ठेवला, आणि अकरा महिने अडलेला निकाल अगदी हळू आवाजात सांगितला.

"बाई, तुम्ही बेगुनाह आहात, याची मला खात्री पटली. पण ही जागा तुम्हाला देता येत नाही. एका कागदावर तुम्ही अकरा गावांना भट्टी शिकवलीत. शाळेत तर तुम्ही रोज पाच तास बोलणार."