जावईबापू कायम झाले

कैरोच्या मलनिस्सारण खात्यात मी हयात घालवली. हजेरीपटावर एकदाही उशिराची सही केली नाही. पोचायचो केव्हा, हा प्रश्न वेगळा. त्यामुळे समोरच्या गच्चीवर राहणारा शिहाब माझ्या नगलाला मागणी घालायला आला, तेव्हा मी रीतीप्रमाणेच विचारलं.

"काम काय करतोस?"

"ऊद वाजवतो, काका."

"तारा छेडतोस ते रोज ऐकतोच आम्ही. काम काय करतोस?"

खरं सांगतो, त्याचं वाजवणं मला आवडायचं. संध्याकाळी तो ऊद मांडीवर घेऊन बसला की मी बातम्या बंद करून चहा घेऊन बाल्कनीत जायचो. बायकोला वाटायचं, मी कबुतरं बघतोय. पण वाजवणं आवडणं वेगळं आणि मुलगी देणं वेगळं. आमच्याकडे म्हणतात, सरकारी नोकरी हातची निसटली तर निदान तिच्या धुळीत तरी लोळून घ्यावं. मी ओळखीपाळखी लावून त्याला प्रत्यक्ष नोकरीच मिळवून दिली. संगीत संवर्धन संचालनालयात, ऊदवादक म्हणून!

नगला आनंदानं रडली. "बाबा, त्याला वाजवायचा पगार मिळणार?"

"दरमहा. आणि म्हातारपणी पेन्शन."

फातिहा वाचून सोयरीक पक्की केली. लग्न मात्र शिहाब कायम झाल्यावर.

पहिल्या दिवशी तो आपला ऊद घेऊन गेला, तो फाटकावरच अडवला. खाजगी वाद्य आत नेलं तर बाहेर आणता येत नाही. आणलं तर ती सरकारी मालाची चोरी ठरते. खात्याचा ऊद होता, पण सीलबंद कपाटात. कपाट फौझीसाहेबांच्या ताब्यात आणि फौझीसाहेब बिनपगारी रजा टाकून कुवेतला पगारी नोकरीवर. त्यांच्यामागे सील तोडायचं तर समिती हवी, समितीत ऊदतज्ज्ञ हवा आणि तज्ज्ञ म्हणवून घ्यायला कायम नोकरी हवी.

"मग दिवसभर करतोस काय?" मी विचारलं.

"शेजारच्या टेबलावरच्या सफाबाई घरची भाजी निवडायला आणतात. मी देठ खुडून देतो."

"चांगलंय की. बोटं चालती राहतात."

संध्याकाळी तो गच्चीवर ऊद घेऊन बसला, तेव्हा मीच धावत गेलो. "वेडा की काय तू? सरकारी नोकर ना? शेजारी ऐकतात, म्हणजे हा जाहीर कार्यक्रम झाला. कुणी तक्रार केली तर बसशील बोंबलत. परवानगी माग, मग वाजव."

शहाण्या मुलासारखा त्यानं ऊद गवसणीत घातला आणि अर्ज केला.

यथावकाश तो कायम झाला. लग्नात पाहुण्यांनी आग्रह धरला, नवरदेवानं वाजवावं! त्यानं ऊद घेतला, खुंट्या पिळल्या, नगलाकडे पाहिलं आणि ऊद खाली ठेवला. "परवानगी आलेली नाही," तो म्हणाला. मुलगा तयार झाला, म्हणून माझा ऊर भरून आला.

मग तज्ज्ञ या नात्यानं जावईबापूंनी कपाट उघडलं. ऊदाला वाळवीनं आतून पोखरलं होतं. तसं लिहावं तर भरपाई यांच्याच पगारातून. त्यांनी 'वाद्य उत्तम स्थितीत' असं लिहून पुन्हा सील ठोकलं. बढती मिळाली. आता कपाट त्यांच्या ताब्यात आहे. एका नव्या वादकानं परवा चावी मागितली, तर त्याला म्हणाले, "आधी कायम हो."

गेल्या शुक्रवारी नगला माहेरी आली होती. बाल्कनीत उभी राहून समोरच्या गच्चीकडे बघत म्हणाली, "बाबा, मी त्या तिथल्या माणसाला हो म्हटलं होतं. तुम्ही मला दुसराच आणून दिलात."

मला फार वाईट वाटलं. चहा तसाच निवला. जावईबापू आत माझ्याच खुर्चीत बसून बातम्या ऐकत होते.

त्या गच्चीवर आता एक बासरीवाला राहायला आलाय. काय वाजवतो! मी पुन्हा बाल्कनीत बसू लागलोय. काल तो जिन्यात भेटला. माझी धाकटी अजून लग्नाची आहे. त्याला मी काय विचारलं असेल, ते तुम्ही ओळखलंच आणि हसलातही. हसा. पण तुमच्या मुलीनं असा कुणी घरी आणला तर "काय वाजवतोस?" असं आधी विचारणार असाल, तरच हसा.