चर्चेतली मर्यादा

बटण दाबलं आणि मग संशोधक बाईंच्या लक्षात आलं. मार्गदर्शक सरांना पाठवलेल्या लेखात ते वाक्य तसंच राहिलं होतं!

सरांचा दंडक होता. लेखातला 'चर्चा' हा भाग ठरलेल्या पायऱ्यांनीच लिहायचा. आधी काय सापडलं ते, मग आधीच्या लोकांशी तुलना, मग अनपेक्षित घडलं त्याचं कारण, मग आपल्या कामाच्या मर्यादा आणि शेवटी पुढच्यांना सूचना. मर्यादांच्या जागी बाईंनी रागाच्या भरात, नंतर खोडू म्हणून, लिहिलं होतं, 'मार्गदर्शक प्रयोगशाळेत फक्त फोटो काढून घ्यायला येतात.' खोडायचं राहून गेलं. आणि उद्यापर्यंत सरांची सही मिळाली नाही, तर पदवी वर्षभर लांबणार होती.

"अहो, मेले मी! सरांबद्दल लिहिलेलं सरांनाच गेलं!"

"मग दुसरी फाइल पाठव," नवरा म्हणाला. "लिही, पहिली उघडू नका."

"म्हणजे आधी तीच उघडतील!"

"मग काही लिहू नकोस. नुसती पाठव."

घाईघाईत खोडताना वाक्याबरोबर अख्खा परिच्छेदच उडाला. तशीच फाइल गेली. पाचव्या मिनिटाला फोन वाजला. सर! बाई ताडकन उभ्या राहिल्या. फोनवर कुणी उभं राहतं का? पण घाबरलेल्या माणसाला कोण सांगणार.

"तुमच्या चर्चेला काही मर्यादा आहे की नाही?" सर गरजले.

बाई गयावया करू लागल्या. "चुकले, सर! तुम्ही फक्त फोटोपुरते येता, असं लिहायला नको होतं..."



"कसले फोटो?"

"सर, तुम्ही... कुठली फाइल वाचलीत?"

"दुसरी. तिच्यात मर्यादांचा परिच्छेदच नाही, म्हणून फोन केला. थांबा, पहिली बघतो."

नवऱ्याने कपाळावर हात मारला. फोनमधून बटणांची टकटक ऐकू येत होती. गेलं वर्ष, बाईंना वाटलं. रडूच यायला लागलं.

"हे काय?" सर कडाडले. "'फक्त'? किती वेळा शिकवलं तुम्हाला, चर्चेत इतकं ठाम बोलायचं नसतं. 'बहुधा' लिहा!"

"हो सर. आणि... सही?"

"उद्या सकाळी प्रयोगशाळेत येऊनच करतो." सर जरा घुटमळले. "फोटो काढायला कुणाला तरी बोलावून ठेवा."