बरणीतला उंदीर

शेजारच्या पुंडलिकभाऊंच्या घरी लोणचं मागायला जाऊ नये, हे मी गल्लीत येणाऱ्या प्रत्येक नव्या भाडेकरूला सांगते. मी एकदा गेले होते. त्यांच्या इंदूबाई तुरीच्या शेंगा सोलत होत्या, म्हणाल्या, "घे तुह्या हातानं." मी मधली बरणी उघडली. खड्याच्या मिठात, धोतराच्या पट्ट्यांत घट्ट गुंडाळलेला उंदीर होता. शेपटी बाहेर.

चिनीमातीची चांगली बरणी होती, म्हणून हातातून टाकली नाही.

"झाकण लावा वैनी, हवा लागते त्याले," भाऊ ओट्यावरून म्हणाले.

भाऊ कारंज्याच्या एका कापसाच्या जिनिंगमधून निवृत्त झालेले. मोबाइलवर इजिप्तची ममी पाहिली, तेव्हापासून त्यांना दुसरा विषय नाही. "हजारो वर्साची बाई, अन् केसं जागेवर, नखं जागेवर. मीठ होतं, डिंक होता, का अजून काई? कोनाले पुरतं समजून नाई राह्यलं." लग्नाच्या पंगतीतही हेच. शेजारचा माणूस ताटावरून उठतो.

इंदूबाई म्हणतात, "मले जितेपनीच मुरवलं या मानसानं. आता उंदरं घेतले."

गेल्या मे महिन्यात, भर दुपारी, माझ्या सासूबाई गेल्या. मुलगी पुण्याला. तिला आजीनंच वाढवलेलं. फोनवर एवढंच म्हणाली, "मी येईपर्यंत नेऊ नका." सकाळच्या आत ती पोचणार नव्हती, आणि गावातली एकुलती थंड शवपेटी दुसऱ्या घरी गेलेली.

"उन्हाचे दिवस हाय, वैनी. सांजपावतर न्या लागते," चुलतदीर म्हणाले. मलाही ते पटत होतं.

तेवढ्यात भाऊ खांद्यावर गोणी घेऊन दारात उभे. मी चौकट अडवली.

"भाऊ, मीठ आत येणार नाही."

"भुसा हाय. बर्फाच्या लाद्या मांगून येऊन राह्यल्या. भुशात टिकते बर्फ."

मग चुलतदिरांकडे वळून, आवाज न चढवता म्हणाले, "माही माय गेली तवा मी सुरतेले होतो. कोनी थांबलं नाई. आलो तं राख गरम होती. एक रात थांबा."

मी चौकट सोडली. लाद्या आत आल्या.

सकाळी मुलगी आली. आत रडणं सुरू झालं. भाऊ अंगणात वितळलेलं पाणी खराट्यानं नालीकडे लोटत होते, पायजमा गुडघ्यापर्यंत भिजलेला. आत त्यांनी डोकावलंही नाही.

"तोंड पाह्यलं तिनं?" मला हळूच विचारलं.

"पाहिलं. गालावर हात ठेवून बसली आहे."

भाऊ तिथंच ओल्या पायरीवर बसले. खराटा हातातच राहिला.