समान सूत्र, समान तंत्र : गुण आठ

कविता माणसाला समृद्ध करते याबद्दल कोणाचेच दुमत नाही. फक्त किती गुणांनी करते, हे पूर्वी ठरलेले नव्हते. आमच्या स्कॉटलंडमधल्या या बंदरगावच्या शाळेने ते ठरवले आहे. आठ गुणांनी. दोन आधुनिक स्कॉटिश कविता घ्यायच्या आणि त्यांतले समान सूत्र व समान तंत्र दाखवायचे. सूत्राला दोन गुण, तंत्राला सहा. (सूत्र बहुधा मृत्यूच असते. आमचे कवी त्या बाबतीत शिस्तीचे आहेत.)

पद्धतीचे यश आकड्यांत दिसते. गेल्या वर्षी चौसष्ट मुलांपैकी एकसष्ट जणांनी समुद्र हे मृत्यूचे प्रतीक असल्याचे सिद्ध केले. उरलेल्या तिघांचे वडील मासेमारीला जातात. समुद्र म्हणजे समुद्र, असे त्यांनी लिहिले. त्यांना शून्य मिळाले.

यंदा जानेवारीच्या पूर्वपरीक्षेत पहिली कविता होती मरणाला टेकलेल्या आजीला चमच्याने पाणी पाजणाऱ्या नातीची. दुसरीत एक म्हातारा कोळी स्वतःची होडी मोडायला करवत घेऊन उभा होता. आजीची चादर पांढरी, लाटांचा फेस पांढरा. पांढरा रंग पावित्र्याचे प्रतीक. तंत्राचे सहा गुण वसूल. रोरी इनेसने असे लिहून आठपैकी आठ मिळवले. (दुसरी कविता पानामागे होती आणि त्याने पान उलटलेच नव्हते, असे तो स्वतःच कँटीनमध्ये सांगत होता. पण उत्तर बरोबर असल्यामुळे तो मुद्दा गौण ठरतो.)

अडचण झाली ती शोना गेडीजची. ही मुलगी दर शनिवारी वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना भरवते, पुसते, कुशीवर वळवते. तिला नर्स व्हायचे आहे आणि पूर्वपरीक्षेत नापास झालेल्याला आम्ही मुख्य परीक्षेला बसवत नाही. तिने लिहिले होते :

‘गिळता येत नसेल तर चमच्याने पाणी देऊ नये, ओला स्पंज ओठांना लावावा. नातीला हे माहीत नाही, पण काहीतरी चुकतंय हे तिच्या हाताला कळलंय, म्हणून ती मध्येच थांबते. होडीवाला पण करवत टेकवतो आणि थांबतो. दोघंही घाबरलेत. जवळच्या माणसाला हात लावायला लोक घाबरतात.’

मी ती उत्तरपत्रिका विभागप्रमुख मिसेस टॉरन्स यांच्यापुढे ठेवली.

“तंत्राला किती दिलेत, डाल्गेटी?”

“शून्य. एकाही तंत्राचं नाव नाही.”

“आणि सूत्राला?”

“एक. तिनं ‘भीती’ लिहिलंय, आदर्श उत्तरांच्या तक्त्यात ‘वियोग’ आहे.”

त्यांनी उत्तर पुन्हा वाचले, चष्मा काढून पुसला. “माझी आई अशीच गेली हो. चमचा माझ्याच हातात होता.”

“मग?”

“मग काय? एक जास्तच दिलात. पण असू दे.”

एकूण पेपरात शोना दोन गुणांनी नापास झाली. मार्चमध्ये त्याच कवितांवर फेरपरीक्षा होती, म्हणून दर मंगळवारी मी तिला शाळा सुटल्यावर थांबवून घेऊ लागलो.

“चादर कशाचं प्रतीक, सर?”

“पावित्र्याचं.”

“आमच्याकडे पांढऱ्या असतात, कारण त्या उकळून काढता येतात.”

“ते लिहू नकोस.”

“आणि त्या पाण्यानं ठसका लागून म्हातारी जाईल, ते?”

“ते तर मुळीच नको.”

“मग जाऊ दे तिला?”

“अगं, ती कवितेतली आहे.”

“बारा नंबरच्या खोलीतली मिसेस फिंडलेसुद्धा तिच्या मुलांना अशीच वाटते, सर. लांबची.”

हा मुद्दा तक्त्यात बसत नसल्यामुळे आम्ही अनुप्रासाकडे वळलो.

मुलगी मूळची हुशार. पाच मंगळवारांत तिला चादर पाहून काहीच आठवेनासे झाले. मार्चमध्ये तिने फेस, चादर, पावित्र्य आणि वियोग हे सारे नेमक्या क्रमाने लिहून आठपैकी सात मिळवले. (एक गुण गेला तो शेवटी घाईघाईत आजीला ‘बिचारी’ म्हटल्यामुळे.) मुख्य परीक्षाही ती याच रीतीने पास झाली आणि सप्टेंबरात नर्सिंगला गेली.

हे वाचून तुम्हाला हायसे वाटले ना? मिसेस टॉरन्सना वाटले, मलाही वाटले. तेव्हा ही पद्धत पुढेही चालू ठेवण्यास तुमची हरकत नाही, अशी नोंद आम्ही करून घेतली आहे.