चार चाकं खाली, चार चाकं आत

यंत्रावर विश्वास ठेवल्याशिवाय माणसाची प्रगती होत नाही, आणि यंत्राचा माणसावर विश्वास बसल्याशिवाय डॅशबोर्डावरचा पिवळा दिवा विझत नाही. फिनलंडमधल्या ओउलू शहराच्या तार्मो केट्टुनेन यांना हे तत्त्व हिवाळ्याच्या तोंडावर उमगलं. त्यांनी एका निवृत्त पोस्टमनकडून हिवाळी टायरांचा जुना संच घेतला होता, रिमसकट.

चाकं फर्स्टक्लास होती. भोकं जुळली, बोल्ट जुळले, बर्फात रुतणारे खिळेसुद्धा शाबूत (टायरचे; पोस्टमनचे दात मात्र शाबूत नव्हते). जुळले नाहीत ते फक्त सेन्सर. प्रत्येक चाकाच्या पोटात एक बोटभर सेन्सर असतो. तो हवेचा दाब मोजून गाडीला रेडिओवरून कळवतो. पोस्टमनचे सेन्सर इमानेइतबारे कळवत होते, पण तार्मोंच्या गाडीला त्यातलं अवाक्षर कळेना. तिने दिवा लावला आणि तोंड फिरवलं.

दिवा पेटलेला असला की गाडी तपासणीत नापास. गॅरेजवाला म्हणाला, तुमच्या गाडीला चालणारे सेन्सर बसवून घ्या. अंगणातल्या तज्ज्ञ समितीने (तीन शेजारी, एक कुत्रा) हा महागडा उपाय शंभर टक्के बहुमताने फेटाळला. कुत्रा तटस्थ राहिला.

मग तार्मोंनी शास्त्रशुद्ध विचार केला. गाडीला ओळखीचे सेन्सर हवेत. ते उन्हाळी चाकांत आहेत. उन्हाळी चाकं तळघरात आहेत. सेन्सर गाडीखालीच फिरावेत असा गाडीचा हट्ट नाही, आसपास असले की झालं. त्यांनी दोन उन्हाळी चाकं डिकीत टाकली आणि दोन मागच्या सीटवर बसवली. पुढच्या चौकापर्यंत दिवा विझला.

"आणि आम्ही कुठे बसायचं?" त्यांची बायको सिर्क्कू म्हणाली.

"बस आहे की. सुरक्षिततेसाठी थोडं सोसावं लागतं."

तपासणी अधिकाऱ्याने मागे वाकून पाहिलं. "हे काय?"

"सामान."

अधिकाऱ्याने डॅशबोर्ड पाहिला. दिवा बंद होता. गाडी पास झाली.

या व्यवस्थेचे इतरही लाभ होते. मागे वजन आल्याने गाडी बर्फावर कमी घसरू लागली. सासूबाईंना कुठे सोडावं लागेना (हा लाभ अहवालात नोंदवू नये, असं सिर्क्कूने कळवलं आहे).

शनिवारी कायानी शहरात त्यांच्या मुलीचा, पिह्लाचा, आइस हॉकीचा सामना होता. दोन हिवाळे बाकावर काढल्यावर ती प्रथमच गोलकीपर म्हणून उतरणार होती. गोलकीपरची पॅडची बॅग म्हणजे जवळजवळ एक वासरू. आणि गाडीत जागा उरली होती पुढची एकच.

"बाबा, एक दिवस काढ ना ती चाकं."

"आणि दिवा लागला म्हणजे?"

"लागू दे की."

"एवढ्या लांबच्या रस्त्यावर? तुझं सामान असणार गाडीत, पोरी. मी जोखीम घेणार नाही."

त्या दिवशीच्या बसमध्ये बॅगेला जागा नव्हती, मुलीला होती. म्हणून मुलगी बसने गेली आणि बॅग गाडीने.

अर्ध्या वाटेवर गाडी उजवीकडे कलल्यासारखी वाटली. तार्मोंनी दिवा पाहिला आणि रस्त्याला दोष दिला. पुढे थांब्यावर बर्फ ढकलणाऱ्या गाडीचा चालक उतरून आला. काचेवर टकटक करून म्हणाला, "मागच्या उजव्या चाकातली हवा गेलीय."

"दिवा बंद आहे."

चालकाने वाकून डॅशबोर्ड पाहिला. "मग ठीक," म्हणाला आणि गेला.

पुढच्या वळणावर टायर रिमवरून उतरला. तेवढ्यात फोन वाजला.

"बाबा, कुठे आहेस? सगळ्या कपडे करून बसल्यात!"

"वाटेत. एक चाक गेलं, पण बाकी उत्तम. दिवा बंद आहे."

"अरे, मागे चार चाकं आहेत ना? लाव त्यातलं एक!"

"उन्हाळी आहेत ती. या दिवसांत लावली तर गुन्हा होईल."

पलीकडून शिट्टी ऐकू आली, सामना सुरू झाल्याची.

पिह्लाच्या जागी दुसरी मुलगी उतरली आणि, सांगायला वाईट वाटतं, फार सुंदर खेळली. पिह्ला मोजे घालून बाकावर बसली होती. पुढच्या सामन्यासाठी प्रशिक्षकांनी त्या मुलीचंच नाव लिहिलं.

तार्मो आजही गाडीला बोल लावू देत नाहीत. तिने शेवटपर्यंत तक्रारीचा एक शब्द काढला नाही, म्हणतात. तुम्हाला हसू येत असेल तर खुशाल हसा. फक्त हसताना सीटवर फार मागे रेलू नका. पीं-पीं थांबावी म्हणून पाठीमागून अडकवून ठेवलेला तुमचा सीटबेल्ट टोचेल.