जगाच्या बाजारात टिकन का?

मी एकदा दुसऱ्याच्याच धानाच्या बांधीत रोवणा करून बसले. परे, म्हणजे भाताची रोपं, आमचे, कंबर माझी आणि बांधी शेजारच्या दशरथभाऊजींची. वय पंचावन्न, म्हणजे अक्कल यायला तशी वेळ होती.

दोष द्यायचाच तर पंतप्रधानांच्या भाषणाला द्यावा. पंधरा ऑगस्टचं भाषण आमच्या एकोडी गावात बरेच जण ऐकतात. दशरथभाऊजी त्याला उत्तरं देतात. इस्त्रीचा सदरा घालून टीव्हीसमोर उभं राहायचं आणि विचारायचं, "धोरण बरोबर हाये साहेब, पण तलावाचं पाणी शेवटच्या बांधीले पोचते का?" विचारून थांबतातही, साहेबांना बोलायला वेळ मिळावा म्हणून.

देशानं जगाशी स्पर्धा करावी, हे त्यांनी एका भाषणात ऐकलं आणि मनावरच घेतलं. तेव्हापासून सगळ्याला एकच कसोटी. माझी वांग्याची भाजी खाऊन बोटं चाटतील आणि म्हणतील, "चांगली हाये वयनी, पण जगाच्या बाजारात टिकन का?" आमच्या जावयालाही त्यांनी एकदा असंच जोखलं. जावई अजून फुगलेले आहेत. भाऊजींची बायको भागरता चुलीपासून ओरडायची, "तुमी पहिले घरच्या बाजारात टिका."

त्या वर्षी आषाढात भागरता गेली. परे जाण्याआधी तिनंच पेरले होते. भाऊजींनी सवयीनं चिखलणी केली, पण रोवायला बाया काही सांगितल्या नाहीत. "यंदा पडीत राहू द्या," एवढंच म्हणत. परे पिवळे पडायला लागले. मी समजवायला गेले, तर त्यांनी मलाच उत्पादकता समजावून परत पाठवलं.

पंधरा ऑगस्टला टीव्हीवरचं भाषण संपल्यावर तेच मोबाइलवर घेऊन भाऊजी दोघांच्या बांध्यांमधल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, येऊन बसले. आवाज पूर्ण सोडलेला. आमच्या बाया परे आणायला गेल्या होत्या. मी एकटीच वाकून, मागे मागे सरकत रोवत होते. तिकडून वेगाचं, मेहनतीचं, जगाच्या पुढं जाण्याचं चाललेलं. मला स्फुरण चढलं. देश मागे राहिला तर राहो, पण माझ्यामुळे नको. हात असे चालले की कानांचं भान राहिलं नाही. धुरा पावसानं एका जागी फुटला होता. तिथून मी कधी पलीकडे गेले, देव जाणे.

कंबर सरळ केली, तर धुरा माझ्यासमोर. मागे सरकणाऱ्या बाईचा धुरा पाठीशी असायला हवा. भाऊजींच्या बांधीचा अख्खा कोपरा हिरवा झाला होता, आणि ते धुऱ्यावर तसेच बसले होते.

मी तणतणले, "भाऊजी, इथंच तं बसून होते ना? मले काहून थांबवलं नाही? तोंडाले कुलूप लागलं होतं का?"

मोबाइल त्यांच्या खिशात होता. ते उठले, धोतर खोचलं आणि म्हणाले, "भाषण तं मी कवाचंच बंद केलो, वयनी. भागरता याच कोपऱ्यातून रोवायले हात लावे. म्हटलं, पाहू द्या जराखं. आता थांबू नका, तिचे परे आणून देतो."