आकाशाचा खांब आणि आमच्या गच्चीवरचा पाइप

त्याग ही मनुष्यजातीची सर्वांत सुंदर गोष्ट आहे, आणि ती नीट दिसावी म्हणून बसायला चांगली जागा लागते. हे सत्य आमच्या गल्लीला सत्याऐंशी साली कळलं. त्याआधी आम्ही त्याग करत होतो, पण पाहत नव्हतो.

त्या साली दर रविवारी सकाळी साडेनऊला टीव्हीवर ‘आकाशरक्षक’ लागायची. विद्युता ही मोठी बहीण आणि वज्रकांत हा धाकटा भाऊ. बहीण हाताने वीज अडवायची, भाऊ उडायचा. (उडताना त्याच्या पाठीमागची दोरी दिसायची. ती न पाहण्याचा संस्कार तेव्हा घराघरात होता.) दोघं मिळून काळमेघ नावाच्या दुष्टाशी लढत आणि दर भागात एकजण दुसऱ्यासाठी जीव द्यायला निघे. दुसरा म्हणे, नाही, मी देतो. असं बरंच चाले, आणि मग वेळ संपे.

नागपुरात आमच्या ले-आउटमध्ये तेव्हा चांगल्या आकाराचा टीव्ही एकच होता, माझ्या भावाकडे, मधुकररावांकडे. आम्ही तीन भावंडं. सर्वांत मोठी जयवंताताई, मग मधू, मग मी गोपिका. ताईने लग्न केलं नव्हतं. ती मुलींच्या शाळेत शिवण शिकवायची आणि मधूकडेच राहायची. मला समोरच्याच घरात दिली होती, म्हणजे माहेर आणि सासर यांच्यामध्ये एक नाली होती, एवढंच.

टीव्ही उत्तम होता. दोष फक्त अँटेनाचा. मालिका सुरू होण्याआधीच, उन्हाळ्यातल्या एका वादळात तिच्या पाइपाची पकड तुटली आणि पाइप आपल्या मनाने फिरू लागला. तो सोडला की पडद्यावर मुंग्या. धरला की चित्र. तेव्हा कोणीतरी गच्चीवर उभं राहून पाइप धरणं आवश्यक झालं, आणि आवश्यक गोष्टीसाठी समिती लागते. अध्यक्ष मधुकरराव, उपाध्यक्ष शेजारचे चंपतराव, सचिव चंपतरावांचे धाकटे भाऊ रुपराव. समितीने अकरा जणांची चाचणी घेतली. इतिवृत्तात निकाल असे आहेत: मधुकरराव, चक्कर आली. चंपतराव, कंबर. रुपराव, अर्ध्यातून खाली, कारण ‘काय चाललं हाय ते दिसत नाही’. जयवंताबाई, चित्र स्वच्छ, तक्रार नाही.

ताईची निवड एकमताने झाली. तिने याआधीही त्याग केलेले असल्यामुळे तिला अनुभव होता. (मधूच्या कॉलेजसाठी तिने आपलं कॉलेज सोडलं. माझ्या लग्नासाठी तिने आपलं लग्न सोडलं. नवीन माणसाला हे सगळं शिकवत बसायला वेळ कोणाकडे होता?)

माझ्याकडे खिडकी आली. मी खिडकीच्या कट्ट्यावर बसायची, पडदा पाहायची आणि वर हाक द्यायची. दिशा सांगण्याची एक पद्धत आम्ही बसवली होती, एका बाजूला बर्डीचा बाजार, दुसऱ्या बाजूला कोराडीचं वीजकेंद्र.

“ताई, थोडं बर्डीकडे. अजून बर्डीकडे. आलं, आलं. नाही वं, जास्त झालं, आता कोराडीकडे घे.”

“कोराडीकडे घेतलं. दिसून राहिलं का?”

“दिसून राहिलं. हालू नको.”

हे काम जबाबदारीचं होतं. शिवाय खिडकीतच कूलर होता. खसाच्या, म्हणजे वाळ्याच्या ताट्यांचा ओला वास येत असे, आणि त्या गारव्यात बसून वर उन्हात उभ्या असलेल्या बहिणीला दिशा दाखवताना मला आमच्या नात्याची खोली फार जाणवे.

तिसऱ्या भागानंतर ताईने एक सूचना मांडली. “मधू, त्या पाइपाले एक पट्टी अन् नट लावून घे न गा. पाच मिनिटाचं काम हाय.”

समितीने सूचना गांभीर्याने घेतली आणि त्यावर उपसमिती नेमली. उपसमितीचा अहवाल सोळाव्या भागानंतर आला. त्यातले मुद्दे थोडक्यात असे. पकड ढिली आहे हे रविवारीच लक्षात येतं आणि रविवारी हार्डवेअरचं दुकान बंद असतं. सोमवारी दुकान उघडतं, पण तेव्हा अडचण नसते. आणि सर्वांत महत्त्वाचं, नट लावल्यास जयवंताबाईंच्या त्यागाचा अपमान होईल. हा शेवटचा मुद्दा चंपतरावांनी दोनदा वाचून दाखवला. ताईने ऐकून घेतलं आणि पदराला हात पुसले.

शेवटचं पर्व लागलं तेव्हा गल्लीवर मालिकेचा परिणाम स्पष्ट दिसू लागला होता. रुपरावांनी मोजदाद ठेवली होती, ती अशी. दर रविवारी टीव्हीसमोर सरासरी अठ्ठावन्न माणसं. त्यांपैकी भावंडांच्या जोड्या सतरा. एरवी एकमेकांशी न बोलणाऱ्या जोड्या नऊ. त्या नऊपैकी मालिका चालू असताना एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवणाऱ्या नऊच्या नऊ. (दहाला हात खाली येत. पण अर्धा तास तर अर्धा तास.) चंपतराव आणि रुपराव यांच्यात एका पेरूच्या झाडावरून सहा वर्षं अबोला होता. झाड एकाच्या अंगणात, फांदी दुसऱ्याच्या. चव्वेचाळिसाव्या भागात वज्रकांताने बहिणीसाठी आपले डोळे देऊ केले, तेव्हा दोघं गळ्यात पडून रडले. पेरूचा निर्णय तेवढा राहिला.

ताईने मात्र एकही भाग पाहिला नव्हता. तिला आवाज यायचा, तोही माझ्या हाकांमधून. रविवारी दुपारी ती जेवायला बसली की मी तिला गोष्ट सांगायची. मला गोष्ट सांगता येत नाही. “मग तो आला, मग ती रडली, मग धूर झाला,” असं मी सांगे. ताई घास हातात धरून ऐके.

“पन कशी रडली वं ती? तोंड झाकून का उघड्यानं?”

“आठवत नाही. मीच रडत होती न.”

एकावन्नावा भाग झाला आणि बावन्नावा म्हणजे शेवटचा असल्याची सूचना पडद्यावर आली. त्या दुपारी ताईने वरण वाढून घेतलं आणि म्हणाली, “मधू, येवढा एक मी पाहीन. शेवटचाच त हाय.”

तिने त्या घरात काही मागितल्याचं मला दुसरं आठवत नाही. नट सोडून.

मधूला गहिवरून आलं. तो म्हणाला, “ताई, तू नाही पाहशीन त कोन पाहीन?” शनिवारी संध्याकाळी समितीची विशेष सभा झाली. जयवंताबाईंनी शेवटचा भाग पाहावा, हा ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. मग पाइप कोण धरणार हा किरकोळ प्रश्न निघाला, आणि सभा दीड तास चालली. शेवटी असं ठरलं की जयवंताबाईंची इच्छा ही समितीची इच्छा आहे. तरी तूर्त त्यांनी पाइप धरावा आणि भाग संपताच त्यांचा जाहीर सत्कार करावा. शाल, नारळ आणि मधुकररावांचं भाषण. पहिल्या रांगेत, पडद्यासमोर, सत्कारमूर्तीसाठी खुर्ची. वरच्या ठरावाला मी अनुमोदन दिलं. त्याच सभेत चंपतराव म्हणाले ते अजून लक्षात आहे. “विद्युता आकाशाचा खांब धरते, जयवंताबाई पाइप धरते. फरक काय तो अँटेनाच्या वायरचा.”

नारळ ताईनेच आणला. बाजारात ती जाणारच होती.

रविवार उजाडला. मे महिना होता, नऊ वाजताच गच्चीची फरशी चपलेतून भाजत होती. ताईने डोक्याला ओला पंचा गुंडाळला, ऊन लागू नये म्हणून कमरेला कांदा खोचला आणि जिना चढली. जाताना तिने खोलीत एकदा डोकावलं. त्रेसष्ट माणसं, हा उच्चांक. मध्ये रिकामी खुर्ची, तिच्यावर घडी केलेली शाल, शालीवर नारळ. एवढ्या गर्दीत त्या खुर्चीवर कोणी बसलं नाही, यावरून आम्हाला तिचा किती आदर होता हे दिसतं.

भाग सुरू झाला. चित्र इतकं स्वच्छ कधी आलं नव्हतं, दोरीसुद्धा लख्ख दिसत होती. काळमेघाने आकाशाचा खांब तोडला. आकाश खाली येऊ लागलं. खांब कोणीतरी कायमचा धरून उभं राहिल्याशिवाय पृथ्वी वाचणार नव्हती. वज्रकांत धावला. विद्युताने त्याला मागे ढकललं आणि खांब आपल्या हातात घेतला. खोलीत हुंदके सुरू झाले. चंपतरावांनी रुपरावांचा हात धरला. मधू तर माझं नाव घेऊन रडत होता. (मी शेजारी बसले होते, म्हणून.) पडद्यावर विद्युता मान वळवून भावाकडे पाहत म्हणाली, “जा, वज्रकांत. पण जाण्याआधी एक गोष्ट ऐकून जा.”

आणि मुंग्या आल्या.

मी सवयीने ओरडले, “ताई, बर्डीकडे!” उत्तर नाही. “ताई, कोराडीकडे घे!” काही नाही. नुसती खरखर. मग मागून, दारातून आवाज आला.

“गोपे, ओरडू नको. वर कोनी नाही.”

ताई चपला काढून आत आली. माणसांच्या मांड्यांमधून वाट काढत ती पहिल्या रांगेत गेली, नारळ उचलून खाली ठेवला, शाल मांडीवर घेतली आणि खुर्चीत बसली.

“काहून वं ताई, खाली काहून आली?” मधूने विचारलं. त्याचे गाल अजून ओले होते.

“मले पाहाचं हाय.”

“पन तू खाली आली त दिसन कसं?”

“ते तुमी पाहा,” ताई म्हणाली. “खुर्ची माझी हाय, तुमीच ठेवली.”

भाग संपायला नऊ मिनिटं होती. जिन्याच्या पायऱ्या एकवीस. आता उठून वर जायला अर्धं मिनिट पुरेसं होतं, आणि खोलीत त्रेसष्ट माणसं होती, नुकतीच त्यागाने हेलावलेली. अशी अनुकूल परिस्थिती मनुष्यजातीला क्वचित लाभते.

चंपतराव रुपरावांना म्हणाले, “जाय गा, तू लहान हायेस.”

रुपराव म्हणाले, “दादा, आत्ताच त दाखवलं. मोठ्यानं धराचा असते खांब.”

“अन् चव्वेचाळिसाव्यात डोळे कोन दिले? लहान्यानं दिले.”

“देऊ केले. दिले नाही.”

हा मुद्दा बरोबर होता आणि त्यावर दोन्ही बाजूंनी बरंच बोलणं झालं. तिकडे इतर जोड्यांतही चर्चा सुरू झाली. प्रत्येकजण आपल्या भावाला, बहिणीला, मालिकेतले दाखले देऊन वर जायला सांगत होता. प्रेमाने सांगत होता, खांद्यावर हात ठेवूनच. मधूने अध्यक्ष या नात्याने सभा बोलावली. गणसंख्या होती. नावं मागवली गेली. एकूण त्रेसष्ट नावं आली आणि एकही स्वतःचं नव्हतं. माझं नाव मधूने सुचवलं. मी म्हटलं, मी वर गेले तर खिडकीतून दिशा कोण सांगणार? हे सगळ्यांना पटलं. मलाही पटलं.

सहा मिनिटं. चार. पेरूच्या झाडाचा विषय निघाला. दोन मिनिटं. ताई खुर्चीत ताठ बसून मुंग्या पाहत होती, अगदी लक्ष देऊन, जसं पहिल्या रांगेतल्या माणसाने पाहावं. मध्येच ती म्हणाली, “मुंग्या बी बऱ्या दिसतात, बसून पाहिल्या त.”

दहा वाजले.

सत्कार कार्यक्रमपत्रिकेत असल्याने तो झाला. मधूचं भाषण चांगलं झालं. भावंडांचं नातं म्हणजे काय, हे त्याने मालिकेच्या आधारे सांगितलं. खोलीत पुन्हा रडणं झालं. ताईने शाल घेतली, नारळ घेतला आणि दुपारी त्याची चटणी केली.

सोमवारी शाळेतून येताना ती हार्डवेअरच्या दुकानातून एक पट्टी आणि दोन नट घेऊन आली. शिवणयंत्राचा पाना घेऊन गच्चीवर गेली. चार मिनिटं लागली. (पाच म्हणाली होती, एवढाच तिच्या अंदाजात फरक.) त्यानंतर चित्र सतरा वर्षं हललं नाही. ‘आकाशरक्षक’ तेवढी पुन्हा लागली नाही.

शेवटी काय झालं, याच्या आमच्या गल्लीत आज सात आवृत्त्या आहेत. चंपतराव जाईपर्यंत सांगत राहिले की धाकट्या भावाने परत येऊन खांब घेतला. रुपराव अजून सांगतात की मोठीने धरला आणि धाकट्याने राज्य केलं. विद्युता वज्रकांताला काय सांगणार होती, हे कोणालाच माहीत नाही. ताई आता शहाऐंशीची आहे आणि कूलरसमोरची जागा तिची आहे. मी तिला मागच्या उन्हाळ्यात विचारलं, तुला काय वाटतं, काय म्हणाली असेल ती?

“काय म्हननार,” ताई म्हणाली. “येताना नट घेऊन येजो म्हनली असंन.”

तुम्हाला शेवट कळला नाही, म्हणून तुम्ही मनातून थोडे रागावला आहात, हे मला माहीत आहे. त्रेसष्टातल्या एकानेही उठू नये, याचं तुम्हाला नवल वाटत असेल. आपण तिथे असतो तर नक्की उठलो असतो, असंही वाटत असेल. आम्हालाही नेमकं तसंच वाटत होतं, आणि आम्हीही तेव्हा तुमच्यासारखेच आरामात बसलो होतो. आता एवढं करा. तुम्ही हे वाचत बसला आहात तोवर तुमच्या घरात जे कोणी उभं आहे, त्याला हाक मारून ही गोष्ट सांगा. राहू द्या, हात कामात असतील. नंतर सांगा, जेवताना. मग तो आला, मग ती रडली, मग धूर झाला.